स्थूलतेचा जमाखर्च

मुंबईच्या आगगाडीच्या फलाटांवर एके काळीं वजनाचीं मोठालीं यंत्रें उभीं असत. माणूस त्यावर चढे, फटींत नाणें टाकी, आंत कांहीं तरी खडखडे आणि जाड कागदाचें एक लहानसें तिकीट खालच्या वाटींत पडे. तिकिटाच्या एका बाजूस वजन छापलेलें असे, दुसऱ्या बाजूस भविष्य. भविष्य वाचून लोक हंसत आणि वजन वाचून गंभीर होत. वास्तविक वजनाचा आंकडा वाचतांनाहि ते भविष्यच वाचीत, किंबहुना चारित्र्य वाचीत. आंकडा मोठा, त्या अर्थीं माणूस खादाड. आंकडा मोठा, त्या अर्थीं माणूस आळशी. तीं यंत्रें आतां बहुतेक ठिकाणीं दिसेनाशीं झालीं आहेत. निकाल देण्याची ती रीत मात्र घरोघर शाबूत आहे.

हा निकाल फार लवकर लागतो. अकरा-बारा वर्षांची मुलगी सणाच्या दिवशीं पानावर बसते, दुसरी पुरणपोळी मागते, आणि 'पुरे आतां' हे शब्द तिला ऐकावे लागतात. शेजारीं बसलेला तिचा भाऊ चौथी पोळी संपवून उठतो. तो काटकुळा आहे, म्हणून त्याच्या खाण्यास भूक म्हणतात. ती अंगानें भरलेली आहे, म्हणून तिच्या खाण्यास हांवरेपणा म्हणतात. दोघांची आई एक, शाळा एक, अन्न एकाच पातेल्यांतून वाढलेलें. मग दोघांत हा फरक कशानें पडला, असें विचारलें तर घरांतील वडील मंडळी मुलीचा स्वभाव सांगतील. शास्त्र गेल्या साठ-सत्तर वर्षांत जें सांगूं लागलें आहे, तें याहून बरेंच निराळें आहे. तें कळल्यानें त्या मुलीचें वजन उतरेलच असें नाहीं. परंतु तिच्या शिरावरील एक खोटा आरोप तरी उतरेल.

प्रथम जमाखर्चाचा विचार केला पाहिजे, कारण या विषयांतील सर्व उपदेश त्यावरच उभारलेला असतो. अन्नांतून मिळालेले उष्मांक आणि शरीरानें खर्चिलेले उष्मांक यांतील शिल्लक मेदाच्या रूपानें सांठते, हें निर्विवाद आहे. परंतु हें विधान कारण सांगत नाहीं. एखादी पेढी बुडाली असतां 'जमेपेक्षां खर्च अधिक झाला' असें कारकून सांगतो, तें खरेंच असतें. तो खर्च कां झाला, वह्या कोणाच्या हातीं होत्या, बाजारांत काय घडलें, याचा त्यांत पत्ता नसतो. 'फार खातो म्हणून लठ्ठ झाला' हें वाक्य त्याच जातीचें आहे. फार कां खातो, आणि तेवढेंच खाणारा दुसरा लठ्ठ कां होत नाहीं, हे प्रश्न तसेच शिल्लक राहतात.

बरें, लोक हा जमाखर्च मांडतात तोहि चुकीचा. चहाचा चमचाभर तूप म्हणजे सुमारें ४५ उष्मांक. शरीरांतील एक किलो मेदाचे सुमारें ७७०० उष्मांक धरतात. तेव्हां गरजेपेक्षां रोज एक चमचा तूप अधिक खाणाऱ्या गृहस्थाचें वजन वर्षांत दोन किलोंहून अधिक, आणि वीस वर्षांत चाळीस किलोंहून अधिक वाढावयास हवें. तसें झालें असतें तर वरणभातावर सढळ हातानें तूप वाढणाऱ्या घराण्यांतील माणसें दारांतून आंत येऊं शकलीं नसतीं. घडतें तें असें, कीं वजन वाढतांच तें वाढलेलें शरीर पोसण्यासाठीं व वागविण्यासाठीं अधिक ऊर्जा लागूं लागते, आणि लवकरच नवा समतोल साधतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंतील केव्हिन हॉल व त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं हा हिशेब नीट मांडला. त्यांच्या मतें नेहमींच्या आहारांत कायमची पडलेली सुमारें २४ उष्मांकांची भर अखेरीस एक किलो वजन वाढविते. त्यांतील निम्में पहिल्या वर्षांत वाढतें, बहुतेक सर्व तीन वर्षांत, आणि मग वजन स्थिरावतें. म्हणजे त्या तुपाच्या चमच्याचें देणें चाळीस किलो नसून जेमतेम दोन किलो आहे. हाच हिशेब उलट बाजूनेंहि खरा ठरतो. रोजचा चमचाभर तूप सोडणाऱ्याचेंहि सुमारें दोनच किलो उतरतें, आणि तेंहि तीन वर्षांच्या अवधींत. चार महिन्यांनीं यंत्रावर उभें राहून हताश होणाऱ्या माणसाचा निश्चय दुबळा नसतो. त्याला हिशेब चुकीचा शिकविलेला असतो.

आतां दोन माणसांतील फरकाकडे वळावें. कॅनडांतील क्वेबेक येथल्या लाव्हाल विद्यापीठांत क्लोद बूशार यांनीं केलेला एक प्रयोग १९९० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं हुबेहूब जुळ्या अशा बारा जोड्या, म्हणजे चोवीस तरुण, देखरेखीखालीं ठेवले. शंभर दिवसांपैकीं ८४ दिवस प्रत्येकास त्याच्या गरजेहून १००० उष्मांक अधिक खावयास घातले. प्रत्येकाच्या पोटांत अधिक गेलेली ऊर्जा अशा रीतीनें सारखीच, ८४ हजार उष्मांक. कोणी चोरून खाल्लें नाहीं, कोणी ताट परत सारलें नाहीं. शेवटीं पाहतात तों कोणाचें वजन अवघें ४.३ किलोंनीं वाढलें होतें, तर कोणाचें १३.३ किलोंनीं. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. जुळ्यांपैकीं एका भावाचें वजन जितकें वाढलें, बव्हंशीं तितकेंच दुसऱ्याचें वाढलें; एकाच्या पोटावर मेद चढला असेल तर दुसऱ्याच्याहि पोटावरच चढला. सारखें खाऊन माणसें सारखीं वाढलीं नाहींत. सारख्या बीजाचीं माणसें मात्र सारखीं वाढलीं.

ही गोष्ट अगदीं नवी आहे असें मात्र नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत एकविसाव्या अध्यायांत अतिस्थूलतेचीं कारणें सांगितलीं आहेत. अतिभोजन, जड, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसा झोंप, नित्याचा आनंद व निश्चिंतपणा अशीं तीं आहेत; आणि यादीच्या अखेरीस 'बीजस्वभाव' असें एक कारण दिलें आहे. या यादीचा दाखला देणारे पुष्कळ भेटतात. दुपारच्या झोंपेवर त्यांचा विशेष कटाक्ष असतो. शेवटच्या शब्दापर्यंत मात्र फारसे कोणी पोंचत नाहींत.

हा बीजस्वभाव शरीरांत कोठें दडलेला असतो, याचा पहिला स्पष्ट पुरावा एका उंदरानें दिला. १९४९ सालीं अमेरिकेंतील जॅक्सन प्रयोगशाळेंत उंदरांची एक अशी पैदास आढळली, कीं तिच्यांतील कांहीं पिलें अखंड खात राहत आणि भावंडांच्या कित्येक पट लठ्ठ होत. त्यांच्यांत उणें काय आहे, याचा उलगडा होण्यास पंचेचाळीस वर्षें लागलीं. १९९४ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें जनुक शोधून काढलें. या जनुकाच्या आज्ञेनें मेदाच्या पेशी एक द्रव्य रक्तांत सोडतात; त्यास पुढें 'लेप्टिन' हें नांव मिळालें. कोठारांत किती सांठा आहे ही वर्दी मेंदूस पोंचविणें हें त्याचें काम. वर्दी न आल्यास मेंदूची समजूत होते, कीं कोठार रिकामें आहे, दुष्काळ पडला आहे. आणि तो भुकेचा हुकूम सोडीत राहतो. म्हणजे मेद हा निव्वळ पडून राहिलेला बोजा नव्हे. तो मेंदूशीं सतत बोलत असतो.

उंदरांचें तें माणसांचें कशावरून, ही शंका फार दिवस राहिली नाहीं. १९९७ सालीं केंब्रिजच्या संशोधकांनीं इंग्लंडांतील एकाच कुटुंबांतील दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगी आठ वर्षांची होती आणि तिचें वजन ८६ किलो होतें; मुलगा दोन वर्षांचा होता आणि त्याचें २९ किलो. दोघांच्याहि शरीरांत लेप्टिन जवळजवळ नव्हतेंच. पुढें त्या मुलीस दररोज लेप्टिनचें इंजेक्शन देण्यास आरंभ झाला. जन्मापासून तिला ग्रासणारी भूक ओसरली, आणि वर्षभरांत तिचें वजन सुमारें १६ किलोंनीं उतरलें. तें जवळजवळ सर्व मेदाचेंच. त्या वर्षांत तिच्या इच्छाशक्तींत कांहीं भर पडली नव्हती. बाहेरून दिलें गेलें तें एक रासायनिक द्रव्य.

अशीं मुलें जगांत अत्यंत थोडीं, हें येथेंच सांगितलें पाहिजे. सामान्य स्थूल माणसाच्या रक्तांत लेप्टिन कमी नसतें, उलट पुष्कळ असतें. मेंदू तें पुरतेपणीं मानीत नाहीं, आणि आणखी देऊनहि फारसा उपयोग होत नाहीं. सामान्य माणसाच्या बीजस्वभावांत एक मोठा दोष नसतो, शेंकडों बारीक कल असतात. २००७ सालीं सांपडलेला त्यांतल्या त्यांत ठळक कल आईबाप दोघांकडून ज्याच्या वांट्यास आला, त्याचें वजन इतरांहून सरासरी तीनच किलो अधिक भरतें. आणि या कलांपैकीं पुष्कळसे मेंदूंत काम करतात. पोट केव्हां भरलें हें कळणें, समोरच्या बशीवरून लक्ष उडणें किंवा न उडणें, अशा गोष्टी त्यांवर ठरतात. पानावरून उठणारा तो काटकुळा भाऊ संयमी असतो असें नाहीं. त्याचें पोट त्याला 'पुरे' असें मोठ्यानें सांगतें. बहिणीचें पोट तोच शब्द पुटपुटतें.

येथें एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. बीज जर इतकें बलवान्, तर आजोबांच्या पिढींत इतकीं लठ्ठ माणसें कां नव्हतीं? भारताच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत २००५-०६ सालीं १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं १२.६ टक्के स्त्रियांचें वजन प्रमाणाबाहेर आढळलें होतें. २०१९-२१ च्या पाहणींत तो आंकडा २४ टक्के झाला. पुरुषांचा ९.३ वरून २२.९ वर गेला. पंधरा वर्षांत कोणत्याहि समाजाचें बीज बदलत नाहीं. बदलते ती जमीन. पाऊस बेताचा असतांना शेतांतील सर्व रोपें खुरटींच दिसतात. पाणी सोडलें म्हणजे कोणतें कोणत्या जातीचें तें कळूं लागतें.

जमिनींत काय बदललें, याविषयीं घरांतील मत आणि प्रयोगाचें मत यांत अंतर आहे. घरांत पहिला संशय तुपावर, भातावर आणि लग्नांतील पंगतीच्या आग्रहावर येतो. आग्रह करून वाढलेली जिलबी वर्षांतून चार दिवस पोटांत जाते, आणि ती वाढणारें माणूस समोर उभें असतें; त्याला हात आडवा करून नाहीं म्हणतां येतें. फडताळांतील पुडक्यास नाहीं म्हणणें त्याहून कठीण, कारण तें आग्रह करीत नाहीं. हॉल यांनींच २०१९ सालीं यावर एक नमुनेदार प्रयोग प्रसिद्ध केला. वीस माणसें रुग्णालयांत राहावयास आणलीं. दोन आठवडे त्यांना कारखान्यांत तयार होणारे, पुष्कळ संस्कार झालेले पदार्थ दिले आणि दोन आठवडे साध्या शिधासामग्रीपासून रांधलेलें अन्न दिलें. समोर ठेवलेल्या जेवणांत उष्मांक, साखर, मीठ, मेद व चोथा सारख्याच प्रमाणांत होते, आणि हवें तितकें खाण्याची मुभा होती. कारखान्याच्या अन्नावर तीच माणसें रोज सुमारें ५०० उष्मांक अधिक खाऊं लागलीं आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलोंनीं वाढलीं. साध्या अन्नावर जवळजवळ तितकींच उतरलीं. दोन्ही वेळीं माणसें तींच होतीं. खादाडपणा हा स्वभावाचा दोष असता, तर तो पंधरवड्यागणिक आला-गेला नसता. तें अन्न मऊ असतें, भरभर गिळलें जातें, आणि पोटाची वर्दी मेंदूकडे पोंचेपर्यंत बशी रिकामी झालेली असते, हें त्याचें एक कारण असावें.

व्यायामाविषयीं थोडक्यांत. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची जेरी मॉरिस यांनीं केलेली पाहणी प्रसिद्ध आहे. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृद्रोग कमी, बसून गाडी हांकणाऱ्या ड्रायव्हरांना अधिक, असें त्यांनीं १९५३ सालीं दाखविलें. १९५६ सालीं त्यांनीं एक मोठी मौजेची गोष्ट केली: दोघांना मिळणाऱ्या गणवेशाच्या विजारींचीं मापें तपासलीं. ड्रायव्हरांच्या कंबरा मोठ्या निघाल्या; पण त्या अगदीं तरुण वयांतहि मोठ्या निघाल्या. तेव्हां बसून पोट सुटतें, कीं पोट सुटणाऱ्या प्रकृतीचा माणूस बैठें काम पत्करतो, हें विजारीवरून ठरेना. चालण्यानें हृदय, स्नायु व रक्तांतील साखर यांचें जें भलें होतें तें निःसंशय आहे. नुसत्या चालण्यानें पुष्कळ वजन उतरेल ही आशा मात्र बहुधा फसते. कंठांतील थायरॉइड ग्रंथीच्या मंदपणाचेंहि असेंच. त्यानें चार-दोन किलो वाढतात, त्यांतहि पुष्कळसें पाणी व क्षार असतात. सर्व स्थूलता त्या ग्रंथीच्या माथीं मारतां येत नाहीं. स्टेरॉइडसारखीं आणि मनोविकारांवरील कांहीं औषधें वजन खरोखरच वाढवितात. पण वैद्यास न विचारतां तीं बंद करणें अधिक घातक आहे.

सर्वांत अधिक अन्याय जेथें होतो तो प्रसंग निराळा आहे. माणूस निश्चयानें आहार तोडतो, सहा महिन्यांत दहा किलो उतरवितो, सर्वत्र त्याचें कौतुक होतें. आणि दोन वर्षांत तें सर्व वजन परत येतें. मग लोक म्हणतात, 'पुनः सुटला.' असें कां घडतें तें दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठांत दिसून आलें. ॲन्सेल कीझ यांनीं १९४४-४५ सालीं ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटीं ठेवलें. हे तरुण युद्धावर जाण्यास तत्त्वतः नकार दिलेले आणि प्रयोगास आपण होऊन पुढें आलेले. त्यांच्या मनोबलाविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं. त्यांचें वजन सुमारें एकचतुर्थांश घटलें. त्याबरोबर त्यांच्या अंगाची ऊब गेली, नाडी मंदावली, आणि त्यांचें सारें चित्त अन्नांत गुंतलें. कित्येक पाकशास्त्राचीं पुस्तकें वाचीत बसत. ताट चाटून पुसून ठेवीत. पोटभर अन्न मिळूं लागल्यावर ते कित्येक आठवडे प्रचंड खात राहिले, आणि त्यांच्या अंगावरील मेद पूर्वीपेक्षांहि वर गेला. शरीर घटलेल्या मेदाची वसुली करतें. खर्च आंखडतें आणि भूक वाढवितें. सावकार जसा जुनी बाकी विसरत नाहीं, तसें तें विसरत नाहीं.

भुकेवरच काम करणारीं जीं नवीं औषधें अलीकडे आलीं आहेत, त्यांचा अनुभव याला जुळणाराच आहे. सेमाग्लुटाइडच्या १ वर्ष ४ महिन्यांच्या चांचणींत वजन सरासरी १५ टक्क्यांनीं उतरलें, तें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. आणि औषध थांबविल्यावर वर्षभरांत उतरलेल्यापैकीं सुमारें दोनतृतीयांश परत चढलें. रक्तदाबाची गोळी थांबविल्यावर दाब चढला तर कोणी रोग्याच्या शीलाची चौकशी करीत नाहीं. वजनाच्या बाबतींत ती अजून होते.

महाराष्ट्रांतील घरांस या प्रकरणाचें आणखी एक कारण लागू आहे, आणि तें जन्माच्याहि आधींचें आहे. २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांची जोडी छापली गेली. किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागून जो आंकडा येतो, तो दोघांचा एकच, २२.३, म्हणजे यंत्राच्या दृष्टीनें दोघेहि सडपातळ. परंतु युडकिन यांच्या शरीरांत मेद ९.१ टक्के होता आणि याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ टक्के. फलाटावरील तिकिटाची बाजू येथें उलटी पडते: आंकडा लहान असूनहि आंत मेद भरलेला. म्हणूनच भारतीय माणसास मधुमेह गांठतो तो पाश्चात्त्यांहून कमी वजनावर; आणि वैद्य कमरेचा घेर पाहतात, पुरुषाचा ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर यांपुढें गेला आहे कीं काय तें.

याचें मूळ शोधण्यास याज्ञिक व त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवती स्त्रियांची पाहणी करीत आले. तेथील नवजात अर्भकांचें वजन सरासरी २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउथॅम्प्टनच्या अर्भकांचें ३.५ किलो. पोटांतील अवयव लहान, स्नायु थोडे. मात्र पाठीच्या त्वचेखालील मेद त्या मानानें फारसा कमी नव्हता. शेतांत राबणाऱ्या, अंगानें बारीक अशा आईच्या उदरांत वाढलेल्या त्या मुलांनीं इतर सर्व गोष्टींत काटकसर केली आणि मेद तेवढा राखून ठेवला होता. तीं मुलें आतां पंचविशीपलीकडे गेलीं आहेत. त्यांपैकीं कित्येकांना मुलें झालीं आहेत, आणि त्या मुलांचीं वजनें व मापेंहि त्याच वह्यांत पुढें लिहिलीं जाऊं लागलीं आहेत.